मदत हवी आहे: दिव्यांग मुलांच्या खेळ आणि कलांसाठी घरातल्यांनी जमवलेला निधी नेमका कशावर खर्च करावा?

नमस्कार मंडळी,

आम्ही सगळी भावंडं आजीच्या नावाने दरवर्षी थोडे थोडे पैसे बाजूला काढतो, आता बऱ्यापैकी रक्कम जमलीय आणि ती दिव्यांग मुलांच्या खेळ, नाच, गाणं, चित्रकला यासाठीच वापरायची एवढं एकमताने ठरलंय. उपचारांसाठी नाही. कारण माझी पुतणी. तिला सेरेब्रल पाल्सी आहे, म्हणजे मेंदूतल्या दोषामुळे शरीराच्या हालचालींवर ताबा कमी, व्हीलचेअर वापरते, आणि तिचा अख्खा आठवडा फिजिओ, स्पीच थेरपी, ऑक्युपेशनल थेरपी यातच जातो. हातात ब्रश दिला तरी तो पकड सुधारावी म्हणून, गाणं म्हणायला लावलं तरी उच्चार सुटावेत म्हणून. परवा नवीन रंग आणले तर तिने विचारलं, "काका, हे कुठल्या हातासाठी?" मला उत्तरच देता येईना.

आता प्रश्न असा की पैसे कुठे लावायचे. दादाचं म्हणणं वस्तू घेऊन द्या, वाद्यं, खेळाचं साहित्य, डोळ्यांसमोर राहतं. वहिनीचं म्हणणं अगदी उलट. तिच्या लेकीला एका नाट्यशिबिरात फुकट प्रवेश मिळाला होता पण व्हीलचेअर चढेल अशी गाडी नाही, सोबत थांबायला कोणी नाही आणि तिथल्या टॉयलेटचं दार इतकं अरुंद की खुर्ची आतच जाईना, म्हणजे शिबिर फुकट असून उपयोग शून्य. मला वहिनीचं पटतंय, येण्याजाण्याचा खर्च आणि मदतनीसाचा पगार यावरच जास्त पैसे जावेत असं वाटतं.

एका कुटुंबाने सुरू केलेलं काम कुठवर जाऊ शकतं हे वाचून हुरूप येतो. अमेरिकेतल्या युनिस केनेडी श्रायव्हर यांची बहीण रोझमेरी बौद्धिक दिव्यांग होती, युनिस यांनी 1962 मध्ये स्वतःच्या घराच्या अंगणात अशा मुलांसाठी उन्हाळी शिबिर भरवलं आणि 1968 मध्ये स्पेशल ऑलिम्पिक्स, म्हणजे बौद्धिक दिव्यांगांच्या खेळांची संस्था, उभं राहिलं, मग 1974 मध्ये दुसरी बहीण जीन यांनी कलांसाठी वेगळी संस्था काढली. आमची झेप तेवढी नाही हो, पण सुरुवात अंगणातूनच झाली होती ना.

तर कृपया सांगा, संस्थेला एकरकमी द्यावेत की एकेका मुलाचा वर्षभराचा खर्च उचलावा? मदतनीस निवडताना मुलांच्या सुरक्षिततेसाठी काय काय तपासता? आणि देणगीदारांना फोटो पाठवायची पद्धत आहे ती टाळता येते का, मला ती अजिबात आवडत नाही.

प्रतिसाद

मी अशा मुलांच्या खेळगटात बरीच वर्षं आहे. वहिनी बरोबर आहेत, पण वस्तूंवर अगदीच फुली मारू नका, साध्या वस्तूंनी खूप फरक पडतो. ब्रशच्या दांड्यावर फोमची जाड नळी चढवली की पकड कमी असलेलं मूलही स्वतः रंगवतं. बोचिया नावाचा खेळ बघा, आपले चेंडू एका पांढऱ्या चेंडूच्या जवळात जवळ टाकायचे, 1984 पासून पॅरालिम्पिकमध्ये आहे. ज्यांना हाताने चेंडू टाकता येत नाही ते उतरत्या पन्हळीवरून सोडतात, पन्हळ हलवायला मदतनीस असतो पण त्याने मैदानाकडे पाठ करूनच बसायचं, वळून बघायची परवानगी नाही. खेळाडू सांगेल तेवढीच पन्हळ सरकवायची. मदतनीस निवडताना मी हेच बघते, गप्प बसून मुलाच्या सांगण्याची वाट बघता येते का याला. बाकी ओळखपत्र, पोलीस पडताळणी, आधीच्या ठिकाणी चौकशी हे कराच आणि एकट्या मोठ्या माणसाच्या ताब्यात मूल द्यायचं नाही हा नियम ठेवा.

एकरकमी देऊ नका. एक दिवसाचा मोठा कार्यक्रम होतो, टोप्या वाटतात आणि संपतं. त्यापेक्षा थोड्या मुलांचं वर्षभर दर आठवड्याला चालू द्या. फोटोचं म्हणाल तर देतानाच लिहून द्या की फोटो नकोत, हिशोब पाठवा.

धागाकर्ता

खूप आभार ताई! फोटोचं आजच लिहून ठेवतो. अजून एक विचारायचं राहिलं, पुतणीला तिच्या धाकट्या भावासोबतच खेळायचं असतं, तर अशा गटांत भावंडांना घेतात का, की त्याचा खर्च आम्ही वेगळा धरायचा?