मदत हवी आहे : गॅसच्या दीर्घ मुदतीच्या करारात भावाचे सूत्र आणि किमान उचल कशी ठरवून घ्यावी?

नमस्कार.

नवी मुंबईतील रबाळे औद्योगिक वसाहतीत धातूच्या भागांचे हीट ट्रीटमेंट (तापवून व थंड करून गुणधर्म बदलण्याचे काम) करणाऱ्या एका लहान कारखान्यात मी खरेदी आणि हिशेब पाहते. आमच्या भट्ट्या पाइपने येणाऱ्या नैसर्गिक गॅसवर चालतात. आमचा आणि शेजारच्या काही कारखान्यांचा गॅसपुरवठ्याचा करार आता नव्याने व्हायचा आहे, आणि या वेळी प्रत्येकाने वेगवेगळे न जाता सर्वांनी मिळून वितरकाशी बोलावे असे मालकमंडळींनी ठरवले आहे. त्यासाठीचे टिपण मला तयार करायचे आहे. मसुद्यात गॅसचा भाव ब्रेंट या, जगभर भावासाठी प्रमाण मानल्या जाणाऱ्या कच्च्या तेलाच्या सरासरी भावाशी बांधलेला आहे. ही सरासरी किती महिन्यांची मागावी, किमान उचलीची अट (ठरलेला किमान गॅस घेतला नाही तरी त्याचे पैसे भरण्याची) कितपत मान्य करावी आणि परदेशातून जहाजच आले नाही तर तोटा कोणी सोसायचा, या तीन गोष्टींवर मला जाणकारांचा सल्ला हवा आहे.

आधी आमची परिस्थिती सांगते. मुंबई हायचा गॅस इथून जवळच उरणला किनाऱ्यावर येतो, त्यामुळे आपल्याला तोच मिळत असेल असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात देशी गॅसच्या वाटपात घरगुती शेगड्या आणि सीएनजीवरील वाहने यांना अग्रक्रम आहे, आणि तो योग्यच आहे. त्या गॅसच्या भावाला एप्रिल २०२३ पासून भारताच्या कच्च्या तेलाच्या सरासरी भावाच्या १० टक्के हे सूत्र लागू झाले आणि त्यावर सुरुवातीला ६.५ डॉलर प्रति एमएमबीटीयू (गॅस मोजण्याचे उष्णतेचे एकक) अशी कमाल मर्यादाही घातली गेली. उद्योगांना मात्र मुख्यतः आयात केलेला, द्रवरूपात जहाजाने आणून पुन्हा वायुरूप केलेला गॅस मिळतो. ऐरोलीच्या घरातील शेगडी आणि रबाळ्याची भट्टी एकाच शहरी जाळ्यावर असल्या, तरी एकीच्या भावावर सरकारी मर्यादेचे छत्र आहे आणि दुसरीचा भाव कतार, अमेरिका किंवा ऑस्ट्रेलियाशी कोणी कोणत्या अटींवर करार केला त्यावर ठरतो. म्हणूनच उत्पादक आणि ग्राहक देशांमधील सहकार्य हा विषय मला केवळ परराष्ट्र धोरणाचा वाटत नाही. तो आमच्या दरमहाच्या बिलाचा विषय आहे.

टिपणासाठी वाचन करताना सर्वांत उद्बोधक वाटला तो कतारबरोबरचा व्यवहार. द्रवरूप गॅस आयात करणाऱ्या पेट्रोनेट एलएनजी या भारतीय कंपनीने कतारच्या रासगॅसशी १९९९ मध्ये वर्षाला ७५ लाख टनांपर्यंतचा, २५ वर्षांचा करार केला आणि २००४ मध्ये गुजरातमधील दहेजला पहिले जहाज लागले. त्या वेळच्या सूत्रात भाव जपानच्या कच्च्या तेलाच्या आयातभावाच्या ६० महिन्यांच्या सरासरीवर आधारलेला होता. तेल २०१४ च्या मध्यातील पिंपाला ११० डॉलरच्या पातळीवरून जानेवारी २०१५ मध्ये ५० डॉलरच्या खाली आले, पण साठ महिन्यांच्या सरासरीत जुने चढे भाव बसलेले असल्यामुळे करारातील गॅस एमएमबीटीयूला १२-१३ डॉलरच्या आसपासच राहिला आणि स्पॉट (करार न करता त्या वेळच्या भावाने घेण्याच्या) बाजारात तोच गॅस जवळजवळ निम्म्या भावात मिळू लागला. पेट्रोनेटने त्या वर्षी ठरल्यापेक्षा बराच कमी गॅस उचलला. टेक-ऑर-पे, म्हणजे ‘उचला नाहीतर पैसे भरा’, या किमान उचलीच्या अटीनुसार सुमारे १२,००० कोटी रुपयांचा दंड लागू होत होता. २०१५ च्या अखेरीस दोन्ही बाजू बसल्या. सरासरी ब्रेंटच्या तीन महिन्यांची करण्यात आली, दंड सोडला गेला, न उचललेला गॅस पुढील वर्षांत उचलण्याचे ठरले, आणि भारताने वर्षाला आणखी १० लाख टन घेण्याचे मान्य केले. फेब्रुवारी २०२४ मध्ये हाच पुरवठा २०४८ पर्यंत वाढवण्याचा करार झाला. माझ्या मते या क्षेत्रातील सहकार्य म्हणतात ते हेच : विकणाऱ्याने आज थोडे सोडले आणि त्याला पुढील कित्येक वर्षांचा खात्रीचा गिऱ्हाईक मिळाला.

याच्या उलट उदाहरण २०२२ चे आहे. गेल या भारताच्या सरकारी गॅसकंपनीने २०१२ मध्ये रशियाच्या गाझप्रोमच्या सिंगापूरस्थित उपकंपनीशी २० वर्षांचा करार केला होता. युक्रेन युद्धानंतर त्या कंपनीच्या मूळ जर्मन कंपनीचा ताबा जर्मन सरकारकडे गेला आणि भारताकडे यायची ठरलेली जहाजे येईनाशी झाली. त्याच वर्षी आशियातील स्पॉट भाव ५० डॉलरच्याही वर जाऊन आले होते. गेलला काही औद्योगिक ग्राहकांचा पुरवठा कमी करावा लागला. करार होता, भाव ठरलेला होता, आणि तरीही भट्टीपर्यंत गॅस पोहोचला नाही. ही गोष्ट मला फार अस्वस्थ करते, कारण तापलेली भट्टी अचानक थंड होऊ दिली तर आतला माल तर जातोच, शिवाय विटांच्या अस्तराला तडे जातात.

देशपातळीवर यावर काही व्यवस्था आहेत. १९७३ च्या तेलबंदीनंतर ग्राहक देशांनी १९७४ मध्ये पॅरिस येथे आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्था स्थापन केली आणि सदस्यांवर ९० दिवसांच्या निव्वळ आयातीइतक्या साठ्याचे बंधन घातले. उत्पादकांची ओपेक १९६० पासून होतीच. या दोन्ही बाजूंना समोरासमोर आणणारा संवाद १९९१ मध्ये पॅरिसला सुरू झाला. त्यातूनच आजचा आंतरराष्ट्रीय ऊर्जा मंच उभा राहिला, ज्याचे सचिवालय रियाधला आहे आणि ज्याची मंत्रिस्तरीय बैठक एप्रिल २०१८ मध्ये नवी दिल्लीत झाली. याच मंचाकडून चालवला जाणारा ‘जोडी’ हा तेल आणि गॅसच्या उत्पादन, मागणी व साठ्यांच्या मासिक आकड्यांचा संग्रह कोणालाही विनामूल्य पाहता येतो. आपल्याकडे विशाखापट्टणम, मंगळूर आणि पादूर येथील भूमिगत गुहांमध्ये ५३.३ लाख टन कच्चे तेल साठवण्याची सोय आहे, आणि मंगळूरच्या गुहेत अबू धाबीच्या ॲडनॉक या तेलकंपनीने स्वतःचे तेल ठेवले, ज्यावर आणीबाणीत पहिला हक्क भारताचा. गॅससाठी अशी राष्ट्रीय साठवण आपल्याकडे अजून उभी नाही, त्यामुळे गॅसच्या ग्राहकाला करारातील शब्दांखेरीज दुसरा आधार उरत नाही.

तेव्हा माझी विनंती अशी आहे की, ज्यांनी असे करार वाचले किंवा राबवले आहेत त्यांनी वरील तीन मुद्द्यांवर मार्गदर्शन करावे. आम्ही सर्व कारखान्यांची मागणी एकत्र करून इंडियन गॅस एक्स्चेंज या गॅसच्या खरेदी-विक्रीच्या बाजारातून थेट खरेदी करू शकतो का, हेही कोणी सांगितले तर उपकार होतील.

प्रतिसाद

ताई, आपण मुद्दे नेमके मांडले आहेत. मी काही वर्षे गॅस खरेदीच्या कामात होतो, त्या आधारे लिहितो.

सरासरी लांब असली म्हणून गॅस स्वस्त होत नाही. धक्का उशिरा बसतो आणि दिलासाही उशिरा मिळतो. समजा सूत्र ब्रेंटच्या १२ टक्के (पिंपाच्या डॉलरमधील भावाच्या १२ टक्के इतके डॉलर प्रति एमएमबीटीयू) आहे आणि ब्रेंट बरेच महिने ८० डॉलर राहून एकदम ११० वर गेले. तीन महिन्यांच्या सरासरीत आपला भाव तीन महिन्यांत ९.६० वरून १३.२० डॉलरवर जाईल. बारा महिन्यांच्या सरासरीत पहिल्या महिन्यात तो फक्त ९.९० होईल, पण तेल उतरल्यावरही तितकाच हळू उतरेल. म्हणून प्रश्न असा विचारावा की आपले ग्राहक आपल्याला दर किती महिन्यांनी वाढवून देतात. तिमाही दर मिळत असतील तर तीन महिने योग्य. वर्षभराचा दर बांधून देत असाल तर लांब सरासरीचाच आग्रह धरावा. सूत्र डॉलरमध्ये असते आणि बिल रुपयांत, तेव्हा विनिमयदर कोणत्या दिवसाचा की महिन्याच्या सरासरीचा, तेही लिहून घ्यावे. आणखी एक : नैसर्गिक गॅस अजून जीएसटीबाहेर आहे, त्यामुळे त्यावरील व्हॅटची वजावट जीएसटीत मिळत नाही. तुलना करताना कर धरूनच करावी.

किमान उचल मान्य करताना सर्व भट्ट्या चालू असतानाचा आकडा कधीही देऊ नये. सर्वांत मंद महिन्यात जेवढा गॅस लागतो तेवढ्यावरच टेक-ऑर-पे घ्यावे, आणि पैसे भरूनही न उचललेला गॅस पुढे उचलता येईल असे कलम असावे. आपण सांगितलेल्या कतारच्या व्यवहारातील सर्वांत उपयोगी भाग तोच आहे.

जहाज न आल्याच्या बाबतीत मसुद्यातील फोर्स मेजरची (आवाक्याबाहेरच्या कारणामुळे जबाबदारीतून मिळणाऱ्या सुटीची) व्याख्या वाचावी. वरच्या पुरवठादाराने गॅस दिला नाही एवढ्यावर वितरकाची जबाबदारी संपत असेल, तर निदान दोन गोष्टी मागाव्यात : वरच्या पुरवठादाराची लेखी सूचना आपल्याला दाखवली जावी, आणि स्पॉट भावाचा पर्यायी गॅस आपल्या लेखी संमतीशिवाय बिलात येऊ नये. कपात करायची झाल्यास भट्टी सुरक्षितपणे उतरवण्याइतका, म्हणजे हळूहळू थंड करण्याइतका, गॅस शेवटपर्यंत मिळेल, हेही तासांच्या हिशेबात लिहून घ्यावे.

एक्स्चेंजबाबत अपेक्षा बेताची ठेवावी. दिवसाला ५०,००० घनमीटरपर्यंत मागणी असलेला ग्राहक नियमानुसार शहरी वितरकाकडेच येतो, आणि ही मर्यादा प्रत्येक ग्राहकाची वेगळी मोजली जाते. एकत्र येण्याचा फायदा वाटाघाटीत आहे. तिथे तो निश्चित होईल.

प्रश्नकर्तीचे उत्तर

मनःपूर्वक आभार. आमचे निम्म्याहून अधिक काम वार्षिक दरावर चालते, पण वाहनउद्योगाचे सुटे भाग तिमाही दरावर जातात. त्यामुळे एकाच सूत्राऐवजी मागणीचे दोन भाग करून दोन सरासऱ्या मागता येतील का, हे मी टिपणात मांडते आहे. सर्वांत मंद महिन्याचे आकडे प्रत्येक कारखान्याकडून मागवले आहेत. भट्टी उतरवण्यासाठी लागणाऱ्या गॅसचे कलम आमच्या मसुद्यात अजिबात नाही. तळोजा किंवा वागळे इस्टेटमधील कोणाच्या करारात ते असेल, तर कंपनीचे नाव वगळून फक्त त्या कलमाचे शब्द येथे द्यावेत, ही विनंती.