आईला ॲपवरून रिक्षा बोलवायला कसं शिकवू?

कोथरूडकर: आई ६८ वर्षांची. स्वारगेटला जायचं तर कोपऱ्यावरच्या रिक्षावाल्याशी तासभर हुज्जत घालेल, पण ॲप नको. म्हणते, "कार्डाचा नंबर कोण देणार त्यांना?"

सदाशिवपेठी: कार्ड लागतंय कुठे? उबरने २०१५ मध्ये हैदराबादेत रोख भाडं घ्यायला सुरुवात केली, ती अशाच गिऱ्हाइकांसाठी. माझ्या सासूबाई रोखच देतात. सुट्टे मात्र जवळ हवेत!

हडपसरची मावशी: खरी पंचाईत नकाशातल्या टाचणीची. माझी कायम मागच्या गल्लीत पडते. मग फोन येतो, "काकू, कुठं उभ्या आहात?" मारुतीचं देऊळ सांगितलं की येतो बिचारा. आणि ओटीपी रिक्षात बसल्यावरच सांगायचा, आधी फोनवर नाही.

कोथरूडकर: देवळाची खूण आईला पटेल. उद्या दवाखान्यापर्यंत जाऊन बघतो.