इमर्जन्सी आणि पेड्स (बालरोग), दोन्ही करायचंय. नागपुरातून रस्ता कोणता?

इंटर्न_वर्धारोड:
नमस्कार सर, मॅडम. इंटर्नशिप संपत आली, नीट-पीजीचा अभ्यास सुरू आहे. मन लहान मुलांच्या इमर्जन्सीत आहे. अमेरिकेत दोन्हीची एकत्र रेसिडेन्सी (आपल्या एमडीसारखं प्रशिक्षण) असते म्हणे. आपल्याकडे तसं काही आहे का? नसेल तर आधी एमडी कशात करावं? नागपुरातलं मेडिकल, मेयो किंवा एम्स, कुठल्याही सरकारी कॉलेजात लागलं तरी चालेल.

रामदासपेठ:
तिकडचा एकत्र कोर्स ५ वर्षांचा आहे. वेळ दोन्ही विभागांत वाटलेला असतो आणि काही महिन्यांनी बाजू बदलावी लागते. शेवटी इमर्जन्सी आणि पीडियाट्रिक्स अशा दोन्ही बोर्डांच्या परीक्षांना बसता येतं. गंमत अशी की एवढं करूनही ‘पीडियाट्रिक इमर्जन्सी’चं वेगळं सर्टिफिकेट मिळत नाही, त्याला फेलोशिपच लागते. ती पेड्सनंतर ३ वर्षांची, इमर्जन्सीनंतर २ वर्षांची. म्हणजे फक्त मुलांच्याच इमर्जन्सीत काम करायचं असेल तर एकत्र कोर्स हा काही जवळचा रस्ता नाही. मोठे-लहान दोन्ही बघायचे असतील तर त्याला अर्थ आहे.

इथून जायचं तर अडचण यूएसएमएलईपेक्षा (तिकडच्या परवाना परीक्षेपेक्षा) शिफारसपत्राची जास्त. इमर्जन्सीवाले ठरावीक नमुन्यातलं मूल्यमापनपत्र मागतात आणि ते तिथल्या इमर्जन्सी विभागात रोटेशन केल्यावरच मिळतं. त्यात असे प्रोग्राम मोजकेच, जागा त्याहून कमी. जे-१ व्हिसाची मर्यादा साधारण ७ वर्षं, हेही धरून चाला.

धंतोली_ओपीडी:
भारतात एकत्र एमडी नाही. एमडी इमर्जन्सीला २००९ मध्ये मान्यता मिळाली. ते ३ वर्षांचं आणि एमडी पेड्सही ३ वर्षांचं. दोन्ही केले तर ६ वर्षं, वर बॉण्डचं, म्हणजे सक्तीच्या सरकारी सेवेचं वर्ष वेगळं.

मला पटणारा रस्ता म्हणजे आधी डीसीएच (बालरोगाचा डिप्लोमा), २ वर्षं, आणि मग एमडी इमर्जन्सी. ५ वर्षांत दोन्हीकडचा हात बसतो. दुसरा रस्ता एमडी पेड्स करून नीट-एसएस या प्रवेश परीक्षेतून डीएम (एमडीनंतरची पदवी) पीडियाट्रिक क्रिटिकल केअर. पण ते आयसीयूचं शास्त्र आहे. दारात आलेलं मूल पहिल्या दहा मिनिटांत सांभाळणं ही वेगळी विद्या. आणि एक लक्षात ठेवा, त्या डीएमला पेड्सचीच पदवी लागते. आधी इमर्जन्सी घेतली तर ते दार बंद.

इंटर्न_वर्धारोड:
आभारी आहे सर. समजा एकच एमडी मिळालं, तर दुसऱ्या बाजूचं नेमकं काय कमी पडतं? ‘रोटेशन कर’ असं सगळेच सांगतात, त्यात काय शिकायचं ते कोणी सांगत नाही.

कॅज्युअल्टी_ताई:
पेड्सवाल्यांना कमी पडतो ट्रॉमा, म्हणजे मान न हलवता एअरवे घेणं (श्वासनलिकेत ट्यूब घालणं), छातीत नळी टाकणं, ‘फास्ट’ (FAST) सोनोग्राफी, म्हणजे आतला रक्तस्राव शोधणं. त्यासाठी एटीएलएस (ट्रॉमाचा छोटा कोर्स) करा आणि सर्जरी कॅज्युअल्टीत रात्रपाळ्या मागून घ्या. सोपं काम आहे, कोणी नाही म्हणत नाही.

इमर्जन्सीवाल्यांचं अवघड. त्यांना मोठ्या माणसाचा डोस पाठ असतो आणि मूल आलं की गणित चुकतं. चार वर्षांचं मूल धरा. वजन काट्यावर घ्या. काटा नसेल तर (वय + ४) × २, म्हणजे १६ किलो. आपल्याकडची मुलं बारीक असतात, सूत्र बरेचदा जास्त सांगतं. उंचीवरून वजन सांगणारी रंगीत टेपही १० किलोच्या वर तसंच करते. श्वासनलिकेत घालायची कफवाली (फुगा असलेली) ट्यूब वय भागिले ४ अधिक ३.५, म्हणजे ४.५ नंबर. ओठांपाशी खूण ट्यूबच्या तिप्पट, १३.५ सेंमीवर. वरचं प्रेशर ७० + दुप्पट वय, म्हणजे ७८ च्या खाली गेलं तर उशीर झालेलाच आहे. मुलांत आधी नाडी धावते, हातपाय गार पडतात, प्रेशर सगळ्यात शेवटी कोसळतं. मोठ्यांची सवय असलेला डॉक्टर नेमका प्रेशरकडे बघत बसतो.

खरी चूक अ‍ॅड्रेनलिनमध्ये होते. आपल्याकडे अँप्यूल १ मिलीत १ मिग्रॅची. कार्डियाक अरेस्टमध्ये (हृदय बंद पडल्यावर) आधी १ मिलीत ९ मिली सलाईन घालायचं, मग त्यातलं किलोला ०.१ मिली, म्हणजे १.६ मिली शिरेतून. अ‍ॅनाफिलॅक्सिसमध्ये (जिवावरच्या अ‍ॅलर्जीत) तीच अँप्यूल पातळ न करता किलोला ०.०१ मिली, म्हणजे ०.१६ मिली मांडीच्या स्नायूत, १ मिलीच्या सिरिंजने. पातळ न केलेलं १.६ मिली शिरेत गेलं की दसपट डोस झाला. म्हणून सिरिंजवर पट्टी लावून लिहायचं, बाजूला उभ्या सिस्टरला मोठ्याने वाचायला लावायचं.

रामदासपेठ:
ताईंच्या यादीत आपल्या भागातलं दोन घाला. साप चावला तर विषावरच्या लसीच्या कुप्या मुलालाही मोठ्यांइतक्याच, कारण विष वजन बघून टोचलेलं नसतं. कमी करायचं ते फक्त सलाईनचं माप. लाल विंचू असेल आणि हातपाय गार, घाम, नाडी धावतेय तर प्राझोसिन (रक्तवाहिन्या सैल करणारं औषध) तोंडाने, किलोला ३० मायक्रोग्रॅम. १६ किलोला १ मिग्रॅची अर्धी गोळी, हातपाय गरम होईतो दर ३ तासांनी. उलट्यांनी सुकलेलं मूल असेल तर आधी पाणी भरून काढायचं. गोळीनंतर मूल आडवंच ठेवायचं, आईने कडेवर उचललं की प्रेशर घसरतं.

धंतोली_ओपीडी:
गोळीबद्दल एक पुस्ती. साधी गोळी नसली तर दुकानदार ‘एक्सएल’ देतो. ती हळूहळू विरघळण्यासाठी बनवलेली असते. तोडून किंवा कुटून द्यायची नाही. कॅज्युअल्टीच्या ट्रॉलीत साधी १ मिग्रॅची पट्टी आहे का, ते ड्यूटी घेतानाच उघडून बघा.