पुण्याला बीएस्सी मायक्रोचं वेटिंग, इकडे नाशिकला सीट मिळतेय, एलसी (कॉलेज सोडल्याचा दाखला) जमा करू का?

गंगापूररोडची_आई
नमस्कार मंडळी. मुलीला बारावीला पीसीबी (फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी) होतं, मेडिकलची नीट परीक्षा दिलीच नाही कारण तिला पहिल्यापासून मायक्रोबायोलॉजी करायचंय आणि तेही पुण्यातल्या एका ठरलेल्या कॉलेजातच. तिथल्या दुसऱ्या यादीतही नाव आलं नाही, वेटिंगला आहे, ओपनमध्ये ४६ आणि ओबीसीत ११. इकडे नाशिकला एका कॉलेजात नाव लागलंय पण ते म्हणतात परवापर्यंत फी भरा, ओरिजिनल एलसी आणि मार्कशीट जमा करा, नाहीतर सीट पुढच्याला देणार. पुण्याला फोन लावला की "वेबसाइट बघत रहा" एवढंच. पोरगी दिवसभर मोबाईल रिफ्रेश करत बसते, जेवताना पण ताटाशेजारी फोन, पोळी गार होते तरी लक्ष नाही, काल रात्री विचारलं तर रडायलाच लागली. तिचे पप्पा म्हणतात नाशिकचं घेऊन टाका विषय संपला, ती म्हणते एलसी इथे गेली की पुणं गेलंच. ११ नंबर लागतो का हो? आणि फी, एलसी परत मिळते का नक्की? कोणाला अनुभव असेल तर प्लीज सांगा, परवाच शेवटची तारीख आहे.

प्रवेशविभाग_निवृत्त
ताई, आधी नाशिकची सीट घ्या. कॉलेजच्या प्रवेश विभागात नोकरी केलीय म्हणून खात्रीने सांगतो, हातात एक सीट असताना वेटिंगची वाट बघणं आणि काहीच नसताना बघणं यात फार फरक आहे.

आता ११ नंबरचं. नुसत्या नंबरवरून काही कळत नाही, पुढची मुलं कुठे जाणार आहेत ते बघायचं. मायक्रोला सगळी पीसीबीची मुलं असतात त्यामुळे इंजिनीअरिंगच्या कॅप राउंडने (एकत्रित प्रवेशाच्या फेरीने) इथे फारसं काही हलत नाही, बीएस्सी फिजिक्स-मॅथ्सवाल्यांच्या याद्या त्याने हलतात. तुमची यादी हलणार ती मेडिकल, बीएएमएस, फार्मसी, अ‍ॅग्री आणि नर्सिंगच्या अलॉटमेंटने. यातली बरीच मुलं सेफ्टी म्हणून बीएस्सीला नाव लावून बसलेली असतात, तिकडे सीट लागली की इकडची सोडतात. आणि हे राउंड उशिरा होतात, फार्मसीचं तर गेली काही वर्षं फारच लांबतंय. म्हणजे आज हालचाल दिसत नाही याचा अर्थ यादी बंद झाली असा नाही. फक्त पुण्याच्या कॉलेजला नीट विचारा की प्रवेशाची शेवटची तारीख कोणती, आणि मधे सुटलेल्या सीटा वेटिंगवरून भरतात की स्पॉट राउंड घेतात. स्पॉट राउंड असेल तर मूल स्वतः तिथे हजर लागतं, नंबर कितीही वरचा असला तरी.

अजून एक, ओबीसीतून नंबर लागला तर नॉन क्रीमी लेयर सर्टिफिकेट लागेल, ते पुढच्या ३१ मार्चपर्यंत व्हॅलिड आहे का आजच बघा. नंबर लागूनही या एका कागदापायी सीट गेलेली मुलं मी डोळ्यांनी बघितलीत, फार वाईट वाटतं.

सातपूरकर_पुण्यात
काकू मी सातपूरचा, गेल्या वर्षी सेम सिच्युएशनला होतो, माझं बीएस्सीचंच पण वेगळा विषय. नाशिकला अ‍ॅडमिशन घेतलं होतं, लेक्चरला पण जात होतो, प्रॅक्टिकलची जर्नल घेऊन झाली होती आणि मग दुपारी पुण्याहून फोन आला की उद्या अकरापर्यंत या. पहाटेच्या एसटीने गेलो. तर काकू फोन नंबर फॉर्ममध्ये कोणता दिलाय ते बघा, सायबर कॅफेवाल्याने स्वतःचा टाकलेला असतो कधी कधी, आणि ईमेलचा स्पॅम फोल्डर पण रोज बघायचा.

एलसीचं टेन्शन घेऊ नका. मी तिथे सांगितलं की एलसी नाशिकला जमा आहे, त्यांनी हमीपत्र लिहून घेतलं आणि मुदत दिली. पण जमा करायच्या आधी एलसी, मार्कशीट, कास्ट सर्टिफिकेट सगळ्याचे कलर स्कॅन आणि अटेस्टेड झेरॉक्सचे दोन-तीन सेट करून ठेवा, आणि ओरिजिनल दिल्याची सही-शिक्क्याची पोच घ्या, पोच घेतल्याशिवाय खिडकीवरून हलायचंच नाही. दोन्ही कॉलेजं सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचीच असतील तर मायग्रेशन सर्टिफिकेटची भानगड पण नाही.

दीदीला सांगा नाशिकला लेक्चर बुडवू नको. पहिल्या सेमचा अभ्यास बराचसा तोच असतो, मी उशिरा जाऊनही मागे पडलो नाही ते त्यामुळेच.

अंबडचे_बाबा
माझं मत थोडं वेगळं. पुणं पुणं करून पोरांना आपणच घाबरवतो. डिग्री दोन्हीकडे एकाच विद्यापीठाची, आणि मायक्रोसाठी नाशिक काही वाईट नाही हो. अंबड-सातपूरला फार्माचे प्लांट आहेत, दिंडोरीकडे वायनरी आहेत, फूड प्रोसेसिंग आहे, सगळीकडे क्यूसी (क्वालिटी कंट्रोल) लॅबला मायक्रोची मुलं लागतात. आमच्या प्लांटच्या लॅबमध्ये नाशिकचीच पोरं जास्त आहेत आणि कामाला चोख आहेत. शिवाय पुण्यात उशिरा नंबर लागला की कॉलेजचं हॉस्टेल भरलेलं असतं, मग पीजी, मेस, डिपॉझिट, तो खर्च फीच्या कितीतरी वर जातो. एमएस्सीला जाऊ दे पुण्याला. ताई वाट जरूर बघा पण एक तारीख ठरवा घरात सगळ्यांनी बसून, त्यानंतर फोन आला तरी जायचं की नाही ते आत्ताच बोला, फोन आल्यावर तासाभरात ठरवायची वेळ आली तर घरात भांडणं होतात.

गंगापूररोडची_आई
सगळ्यांचे मनापासून आभार, रात्री पोरीला सगळं वाचून दाखवलं. फार्मसीचं ऐकून जरा शांत झाली. नॉन क्रीमी लेयर काढून बघितलं तर ह्या मार्चलाच संपलंय!! सकाळीच सेतूवर जाऊन अर्ज केला, त्याची पावती चालेल का? आणि फी परत मिळण्याचं कोणी सांगितलं नाही.

प्रवेशविभाग_निवृत्त
पावतीवर काही ठिकाणी तात्पुरतं घेतात, पण पुण्याच्या कॉलेजला मेल करून लेखी विचारा, तोंडी उत्तरावर राहू नका.

फीचं सांगतो. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोग) २०१८ च्या नियमाप्रमाणे प्रवेशाची जाहीर केलेली शेवटची तारीख यायच्या १५ दिवस किंवा त्याआधी कॅन्सल केलं तर १०० टक्के परत, फक्त प्रोसेसिंगचे म्हणून फीच्या ५ टक्क्यांपर्यंत आणि जास्तीत जास्त ५००० रुपये कापता येतात. १५ दिवसांपेक्षा कमी उरले असतील तर ९० टक्के, तारखेनंतर १५ दिवसांपर्यंत ८०, मग ३० दिवसांपर्यंत ५०, पुढे काही नाही. २०२४-२५ ला तर यूजीसीने वेगळं पत्रक काढून ३० सप्टेंबरपर्यंत पूर्ण फी आणि ३१ ऑक्टोबरपर्यंत १००० रुपयांच्या आत कापून परत द्यायला सांगितलं होतं, यंदाचं पत्रक यूजीसीच्या साइटवर बघून प्रिंट जवळ ठेवा. त्याच २०१८ च्या नियमात ओरिजिनल कागद तपासून लगेच परत द्यायचे, कॉलेजने ठेवून घ्यायचे नाहीत हेही आहे. उद्या फी भरताना खिडकीवर शांतपणे तेवढं बोला, नाहीच ऐकलं तर प्राचार्यांच्या नावे अर्ज द्या आणि आवक नंबर घ्या. त्यानंतरही अडवलं तर यूजीसीच्या ई-समाधान पोर्टलवर तक्रार करता येते. पण अर्जावरच बहुतेक वेळा काम होतं, उद्या काय झालं ते कळवा.