औषध सोडणाऱ्या जेलला 'रोबो' व्हायची गरज आहे का?

भिंग:
हायड्रोजेलचे, म्हणजे पाणी शोषून फुगणाऱ्या जेलचे, मऊ रोबो शरीरात नेमक्या जागी औषध पोचवतील, असं हल्ली बरंच वाचतो. मला हे पटत नाही. न हलणारं साधं जेल हे काम आजच करतंय. डोळ्याच्या शस्त्रक्रियेनंतर खालच्या पापणीच्या अश्रुनलिकेत बसवतात ती 'डेक्सटेन्झा'ची कांडी घ्या. ०.४ मिलिग्रॅम डेक्सामेथासोन हे सूज कमी करणारं औषध ३० दिवसांपर्यंत झिरपत राहतं, जेल आपोआप विरून वाहून जातं, रोजचे थेंब वाचतात. हलणारे भाग वाढवले की बिघाडही वाढणार, आणि तो रुग्णाच्या शरीरात.

रानजाई:
उदाहरण सोयीचं निवडलंत. ती कांडी नको झाली तर डॉक्टर ती काढू शकतात. पोटात खोल ठेवलेल्या जेलमधून औषध सुटू लागलं आणि रुग्णाला ते सोसेना, तर थांबवणार कसं? शिवाय शरीर परक्या वस्तूभोवती तंतूंचं कवच विणतं आणि औषध आतच अडतं. २०१९ साली उंदरांवरच्या प्रयोगात मऊ कुपी अधूनमधून हलवत ठेवली, तर कवच पातळ राहिलं. तिथे हालचाल ही चैन नव्हती.

भिंग:
पण ती कुपी हायड्रोजेलची नव्हती! हायड्रोजेल फुगतं ते पाणी आत मुरेल तसं. जाडी दुप्पट केली की वेळ साधारण चौपट. उष्णतेने आकसणारं पीएनआयपीएएम हे बहुवारिक (पॉलिमर) सगळ्यांचं लाडकं, पण ते ३२ अंशांच्या आसपासच आकसतं. शरीर ३७ अंशांवर. म्हणजे आत गेल्या गेल्या एकदाच मिटणार. रसायन बदलून हा आकडा वर सरकवता येतो, तरी 'हवं तेव्हा उघड, हवं तेव्हा मीट' यासाठी आतली जागा तापवायची किंवा गार करायची कशाने?

दवबिंदू:
एकदाच मिटणंही पुरेसं असू शकतं. आतड्याला धरून राहणाऱ्या अंकुशकृमीवरून सुचलेली, धुळीएवढी, ताऱ्याच्या आकाराची उपकरणं २०२० मध्ये जॉन्स हॉपकिन्सच्या संशोधकांनी प्राण्यांत वापरली. शरीराच्या उबेने त्यांच्यावरचं मेण मऊ पडलं की त्यांच्या पाकळ्या आतड्याच्या अस्तराला धरतात आणि वेदनाशामक सावकाश सुटतं. तेही हायड्रोजेल नव्हे, मान्य. पण एकाच हालचालीत काम झालं.

रानजाई:
तापवायचं कसं म्हणता, तर जेलमध्ये लोह-ऑक्साइडचे कण मिसळून बाहेरच्या बदलत्या चुंबकीय क्षेत्राने ते तापवता येतात. अंतर वाढलं की क्षेत्र झपाट्याने क्षीण होतं, ही अडचण खरीच. म्हणून सुरुवात त्वचेलगतच्या गाठींपासून व्हावी. माझा आग्रह एवढाच, की आत ठेवलेलं औषध बाहेरून थांबवता आलं पाहिजे. ते जमणार नसेल तर मीही तुमचं न हलणारं जेलच निवडेन.