प्रतिसाद: फिनाईलने पुसून भागणार नाही

वर कोणीतरी लिहिलंय की ड्रेनेजचं पाणी घरात आलं तर फिनाईल टाकून पुसलं की झालं, अहो नाही होत तसं. त्या पाण्यात ई-कोलाय (पोट बिघडवणारे जंतू), हेपॅटायटिस ए (काविळीचा विषाणू) वगैरे सगळंच असू शकतं, आणि घाणीवर नुसतं जंतुनाशक ओतलं तर त्याचा जोर घाणीतच संपतो. म्हणून चांगली क्लीनिंगवाली टीम आधी मैला उपसते, मग साबणाच्या पाण्याने घासते आणि त्यानंतरच जंतुनाशक मारते, तेही लगेच पुसत नाही, बाटलीवर लिहिलेला वेळ ओलं ठेवते. गादी, कार्पेट, फुगलेलं प्लायवूड टाकायला सांगतील, जीवावर येतं पण ऐका, ते आतून साफ होतच नाही.

खरी गोची सुकवण्यात आहे. फरशी वरून कोरडी दिसते पण भिंतीत ओल राहते आणि २४ ते ४८ तासांत बुरशी धरायला लागते, म्हणून टीमला मॉइश्चर मीटर (ओल मोजायचं यंत्र) लावून दाखवा म्हणायचं, नुसता पंखा लावून निघाले तर काम अर्धवट आहे समजून जा.

आणि हो, ब्लीच आणि ॲसिडवालं टॉयलेट क्लीनर एकत्र ओतू नका, क्लोरीन गॅस होतो. ड्रेनेजची लाईन कशाने तुंबली ते कॅमेरा घालून बघून घ्या, नाहीतर पुन्हा तेच.