ईटीपी म्हणजे हरित रसायनशास्त्र नव्हे

‘ईटीपी (कारखान्यातलं सांडपाणी शुद्ध करणारा प्रकल्प) नीट चालवला की झालं हरित रसायनशास्त्र’ असं कुणीतरी म्हटलंय, ते काही पटलं नाही. घाण करून मग धूत बसणं वेगळं, मुळात घाणच कमी करणं वेगळं; हरित रसायनशास्त्र म्हणजे हे दुसरं. अंगदुखीवरच्या आयबुप्रोफेनचंच बघा. जुन्या पद्धतीत सहा पायऱ्या, आणि कच्च्या मालातले जेमतेम 40% अणू औषधात उतरायचे. अभिक्रिया घडवायला घातलेलं अॅल्युमिनियम क्लोराइड तर एकदा वापरलं की त्याचा नुसता गाळ. 1992 मध्ये टेक्सासमधल्या बिशप गावातल्या कारखान्यात तीन पायऱ्यांची पद्धत सुरू झाली. तिथे 77% अणू कामी येतात. सोबत निघणारं अॅसेटिक आम्ल वापरात आणलं की जवळपास 99%. गंमत म्हणजे यातला उत्प्रेरक (स्वतः न संपता अभिक्रिया घडवून आणणारा पदार्थ) हायड्रोजन फ्लुओराइड, अगदी जहाल प्रकरण! पण तो गोळा करून पुन्हा पुन्हा वापरतात.